सत्तावीस नंबरची बाटली

शरच्चंद्र दफ्तरदारांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी असते. वर 'मीठ', खाली बरणी कधी भरली ती तारीख, कुठल्या दुकानातून आणलं ते, आणि कोपऱ्यात बारीकशी 'श. दफ्तरदार' अशी सही. हळद, हिंग, जिरं, सगळ्यांची हीच गत. जयूकाकू म्हणतात, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली नाही एवढंच नशीब." यावर काका गंभीरपणे सांगतात, की चिठ्ठी नसलेला जिन्नस आणि बेवारस प्रेत यांत काही फरक नाही. दोन्ही कुणाचं आहे ते कळत नाही.

हे रक्तातून आलंय. संस्थानी काळात शिंदे सरकारच्या दफ्तरात कागद सांभाळणारी ही माणसं. सरकार गेलं, दफ्तर गेलं, जमीन भाऊबंदांनी खाल्ली, काका स्वतः उज्जैनच्या रामघाटामागे भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले. पण "अडीचशे वर्षांत आमच्या घरातून एक कागद गहाळ झालेला नाही," हे ते अजून छाती पुढे काढून सांगतात. कागद सोडून बाकी सगळं गहाळ झालं, हे आपण मनातल्या मनात जोडून घ्यायचं.

काकांची नोकरी पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाली. चौतीस वर्षं लॅब असिस्टंट. वरचे केमिस्ट येत-जात राहिले. कुणी भोपाळहून आलेला असायचा, कुणी भोपाळला परत जायच्या खटपटीत असायचा. पाणी काका तपासायचे आणि सही केमिस्टची व्हायची. म्हणूनच असेल, रिटायर झाल्यावर माणूस मिठावर सह्या करायला लागला.

रिटायरमेंटला जे मिळालं त्यातून त्यांनी क्षिप्रांजली कॉलनीत घर बांधलं. सत्तावीस नंबर. प्लॉट घेण्याआधी एकूणएक कागद भिंग लावून वाचला. रजिस्ट्री, नकाशा, शेतजमिनीवर घर बांधायच्या परवानगीचं डायव्हर्शन, सगळं चोख. कागदाला वास नसतो, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही. कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून एक हिरवा उंचवटा आहे. त्यावर सिमेंटची बाकं आहेत आणि 'फूल तोड़ना मना है' अशी पाटी आहे. फुलं मात्र नाहीत. हा उंचवटा म्हणजे शहराचं जुनं ट्रेंचिंग ग्राउंड. वीस-बावीस वर्षं साऱ्या उज्जैनचा कचरा तिथे पडायचा. घरचा, बाजारचा, दवाखान्यांचा, फुटक्या बॅटऱ्या, मेलेली जनावरं, सगळं एका पंगतीला. मग एक दिवस ते बंद झालं, वर दोन हात माती टाकली आणि गवत लावलं. खालचं खालीच राहिलं. काकू म्हणतात, "मढ्याला पावडर लावलीय नुसती."

कॉलनीत गंभीर नदीवरच्या धरणाच्या पाण्याची लाईन नाही. ती मेन रोडच्या पलीकडे येऊन थांबलीय, जशी काही तिलाही वास आला. इकडे चाळीस घरं आणि चाळीस बोरिंग. चौमासा संपला की बोरिंगचं पाणी पिवळं येतं, चहाची तीच पत्ती तिसऱ्यांदा उकळल्यासारखं. बादलीत ओतलं की वर फेस धरतो आणि साबणाला मात्र फेस येत नाही. आरओचं मशीन काकांनी लावून पाहिलं. दोन महिन्यांत मशीनचंच पोट बिघडलं.

मग काकांनी न्हाणीघरातल्या कडाप्प्यावर आपली छोटी प्रयोगशाळा थाटली. चार परीक्षानळ्या, दोन पुड्या आणि रंगांचा एक तक्ता. पाण्यात पूड टाकली की नायट्रेट असेल तसा गुलाबी रंग चढतो. जितका गडद, तितकं जास्त. पंचेचाळीसपर्यंत ठीक, त्याच्या वर नाही. काकांच्या घरात एकशे सत्तर, एकशे ऐंशी निघायचं. तक्त्यावर त्याच्यापुढे रंगच नव्हता. "आणि शिसं असणार ते वेगळंच," काका म्हणायचे, "ते या पुडीने दिसत नाही. त्याला मोठं मशीन लागतं." अकरा महिने त्यांनी दर सोमवारी आकडे लिहिले आणि सतरा अर्ज केले. प्रत्येक अर्जाला उत्तर आलं: 'आपका पत्र प्राप्त हुआ.' काकांनी ती उत्तरंही तारीखवार फाईल केली.

कॉलनीला या सगळ्याची मजा वाटायची. काका दिसले की पोरं ओरडायची, "गुलाबी पानी वाले अंकल!"

मजा संपली ती मुक्ताताईला दिवस गेल्यावर. मुक्ता ही त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतर सहा वर्षांनी ही बातमी. सासर देवासला, म्हणजे इथून जेमतेम तासाभरावर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगायची गरजच नव्हती. काकूंनी मागच्या खोलीला रंग काढला, जुन्या नऊवाऱ्या फाडून दुपटी शिवली, डिंक आणि खारीक आणून ठेवली. त्यांवर चिठ्ठ्या लावायला काका पुढे आले नाहीत, तेव्हाच काकूंना शंका आली.

"मुक्ता इथे यायला नको," काका म्हणाले. मी तेव्हा तिथेच पोहे खात बसलो होतो. माझे वडील आणि काका जुने दोस्त. शाजापूरहून शिकून इथे आलो तेव्हापासून रविवारचे पोहे माझे याच घरी.

"म्हणजे?" काकू.

"बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली, तर पावडर याच पाण्यात कालवणार ना आपण? तान्ह्या बाळाच्या रक्तात हे नायट्रेट गेलं, की रक्त प्राणवायू धरत नाही. निळं पडतं बाळ."

"उकळून घेऊ."

"उकळलं की पाणी उडतं, नायट्रेट मागे राहतं. आणखी दाट होतं ते."

"मग पिण्याच्या पाण्याचे कॅम्पर मागवू त्या जारवाल्या अण्णाकडून."

"अण्णा कॅम्पर कुठून भरतो? आपल्याच कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बोरिंगमधून. थंड करून देतो, एवढाच फरक."

काकूंनी हातातलं दुपटं खाली ठेवलं. "माझ्या आईनं रामघाटामागच्या तुमच्या खोल्या बघूनसुद्धा मला तुमच्या घरी दिली. आणि मी स्वतःच्या लेकीला स्वतःच्या घरात चार महिने ठेवू शकत नाही? लोक काय म्हणतील? खर्चाला भ्यायले म्हणतील, अहो!"

"लाईन आली तर येऊ दे तिला," काका म्हणाले. "नळाची लाईन आली, की मी स्वतः आणायला जातो."

आणि योगायोग बघा, लाईन यायची शक्यता निर्माण झाली. सिंहस्थ जवळ आला, की उज्जैनमध्ये ज्याला कुणी कधी विचारलं नाही त्याचंही सर्वेक्षण होतं. त्या उंचवट्यावर भाविकांच्या गाड्या उभ्या करायचं ठरत होतं. त्यासाठी जुन्या कचऱ्यापासून लोकांच्या आरोग्याला किती धोका आहे, याची तपासणी करून हवी होती. काम एका एजन्सीला मिळालं आणि एजन्सीत अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर मी होतो. मातीचे नमुने, हवेचे नमुने, घरोघरी बासष्ट प्रश्नांचा फॉर्म, आणि पाण्याच्या चाळीस बाटल्या. योजनेच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं: चाळीसपैकी दहा बाटल्या नापास झाल्या, तर सगळी बोरिंग बंद, लगेच टँकर, आणि तीन महिन्यांत नळाची लाईन.

काकांनी तो कागद माझ्याकडून घेऊन दोनदा वाचला. "दहा," ते म्हणाले. "अरे, चाळीसच्या चाळीस जातील." मुक्ताताईला पाचवा लागला होता. काकांनी बोटांवर महिने मोजले आणि त्या दिवशी पहिल्यांदा डिंकाच्या डब्यावर चिठ्ठी लावली.

नमुना घ्यायची रीत अशी होती, की रात्रभर पाइपात साचलेलं पहाटेचं पहिलं पाणी हवं. शिसं असेल तर त्यात उतरतं. पहाटे चाळीस घरांत मी एकटा कसा पोचणार? म्हणून संध्याकाळी बाटली घरी द्यायची, घरच्यांनी पहाटे भरायची, सकाळी मी गोळा करायची. फॉर्मवर मात्र एक रकाना होता: 'नमूना सर्वेक्षक के समक्ष लिया गया — हाँ / नहीं.' मी आमच्या शैलेंद्रजींना विचारलं. हे एजन्सीचे इथले साहेब. ते म्हणाले, "सबमें हाँ कर देना भिया. नहीं करोगे तो पोर्टल फॉर्म ही नहीं लेता."

बाटल्यांवर नुसते नंबर घालायचे होते. एक ते चाळीस, बस. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्यातला दफ्तरदार जागा झाला.

"नुसते नंबर? आणि उद्या अदलाबदल झाली तर? कोण म्हणेल मग, हे पाणी माझं आहे म्हणून? नाव पाहिजे. घरमालकाचं नाव, घर नंबर, तारीख, वेळ."

शैलेंद्रजींना काय, लिहिणारा फुकटात मिळत होता. "लिख दो अंकलजी, अपने को क्या."

काकांनी एक आख्खी दुपार घालवून चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. असं अक्षर, की लग्नपत्रिका छापणाऱ्यानं पाया पडावं. आणि संध्याकाळी मी बाटल्या वाटायला निघालो, तर हेही बरोबर. प्रत्येक दारात उभं राहून समजावून सांगायचे. पहिलंच पाणी भरायचं, सांडायचं नाही, गाळायचं नाही, घाण दिसली तरी घाणच भरायची.

शेजारच्या अठ्ठावीस नंबरच्या कल्पना भाभींनी बाटली हातात घेऊन चिठ्ठी वाचली. "काका साब, ये हमारे नाम से जाएगी?"

"बिल्कुल नाम से," काका अभिमानाने म्हणाले. "सीधी भोपाल तक. कोई गड़बड़ नहीं होगी."

"बड़े लोग देखेंगे?"

"साइंटिस्ट लोग एक-एक बोतल देखेंगे."

भाभींनी त्या बाटलीकडे असं पाहिलं, जसं उद्या मुलगी बघायला येणार म्हटल्यावर आई मुलीकडे पाहते. मला ते दिसलं. काकांना दिसलं नाही. ते पुढच्या दारात 'गाळायचं नाही'वर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊन फिरलो. एकेक बाटली पुसून-लखलखीत करून पायरीवर ठेवलेली. एकीला तर पूजेचा लाल नाडा बांधला होता. आतलं पाणी असं नितळ, की पलीकडचं बोट दिसावं. आदल्या दिवशी याच घरांत हात धुताना मी पिवळं पाणी पाहिलं होतं.

"भाभी, कल तो पीला आ रहा था?" मी विचारलं.

"आज अच्छा आ गया भैया," कल्पना भाभी म्हणाल्या. "कभी-कभी आ जाता है."

एकोणचाळीस घरी आज अच्छा आ गया होतं. सत्तावीस नंबरच्या बाटलीतलं पाणी तेवढं गढूळ पिवळं, बुडाशी काळपट गाळ. तोंडावर लाखेचं सील, जुन्या लॅबच्या पद्धतीचं. आणि चिठ्ठीवर, नाव-तारखेच्या खाली, काकांनी बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती: 'नायट्रेट अंदाजे १८०. शिसे अवश्य तपासावे.' मदत म्हणून.

"सगळ्या नीट भरल्यात ना?" काकांनी विचारलं. ते पेटीत डोकावणार होते.

मी झाकण लावलं. "एकदम," म्हणालो.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण चाळीस घरं परत फिरायची, परत बाटल्या मागवायच्या, शैलेंद्रजींना तोंड द्यायचं, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी भोपाळला निघायची होती. चाळीस फॉर्मवर मी चाळीस वेळा 'हाँ'वर खूण केली. पोर्टलने सगळे घेतले.

रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले. शैलेंद्रजी खुशीत होते. "क्लीन है भिया, एकदम क्लीन!" मी छापील प्रत घेऊन सत्तावीस नंबरला गेलो. काका चष्मा लावून दारातच वाचायला लागले. उंचवट्याची माती वरच्या दोन हातांतून, म्हणजे नव्या मातीतून घेतली होती, ती निर्दोष. पाणी: एकोणचाळीस नमुने मर्यादेत. एक नमुना, घर क्रमांक सत्तावीस, नायट्रेट मर्यादेच्या चौपट, शिसं तिप्पट. आणि त्याच्यापुढे शेरा: 'एकमात्र विसंगत नमूना. गृहस्वामी प्रयोगशाला का पूर्व कर्मचारी एवं आदतन शिकायतकर्ता. बोतल पर परिणाम पहले से अंकित. छेड़छाड़ की संभावना से इनकार नहीं किया जा सकता. गणना से हटाया गया.' शेवटी जाड अक्षरात: 'जनस्वास्थ्य को कोई तात्कालिक जोखिम नहीं.'

काकांनी बोट ठेवून आकड्यांचा रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मिलिग्रॅमचा एम कॅपिटल लिहिलाय. चूक आहे ते." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "छेडछाड म्हणजे... मी पाण्यात काही टाकलं, असं?"

काकूंनी रिपोर्ट त्यांच्या हातातून घेतला. सगळा नाही वाचला. जाड अक्षरातली ओळ वाचली, तिचा फोटो काढला आणि मुक्ताताईला पाठवला. "झालं ना आता तुमच्या मनासारखं? आला ना कागद? सरकारचा आहे, शिक्क्याचा आहे. आयुष्यभर कागद कागद केलंत. आता मानायचा कागद."

"जयू, हा कागद खोटा आहे."

"मग आत्तापर्यंतचे खरे होते कशावरून?" काकू म्हणाल्या. मला कुणी काही विचारलं नाही.

काका तसेच उठून शेजारी गेले. मी मागोमाग. कल्पना भाभींना त्यांनी सरळच विचारलं. भाभी आधी हसल्या, मग पदर सावरला.

"अब देखो काका साब, बुरा मत मानना. हमारे नाम से भोपाल जा रही थी बोतल. घर आए मेहमान को कोई पीला पानी देता है क्या? फ्रीगंज से मँगवाया, भाई के यहाँ से. टावर के पास रहते हैं ना, उनके यहाँ नल का आता है. स्कूटर पे लेके आया बेचारा."

"और बाकी लोग?"

"सबने यही किया. तीस नंबर वालों ने सील वाली बोतल खरीदी, चौदह वालों ने फिटकरी घुमाई. और वो बारह नंबर के बा साब हैं ना, वो तो रामघाट से क्षिप्रा मैया का जल भर लाए." भाभींनी आवाज खाली आणला. "किसी का नाम खराब आता तो अच्छा लगता क्या? लड़कियाँ ब्याहनी हैं कॉलोनी में."

चौदा नंबरचं फिटकरीचं पाणी आणि बारा नंबरचं तीर्थ पास कसं झालं, ते महाकालालाच ठाऊक. काका दाराची चौकट धरून उभे होते. परत येताना दोन घरांमधल्या त्या दहा पावलांत ते एकदाच बोलले.

"नुसते नंबर असते ना, केदार, तर भरलं असतं त्यांनी. जे येतं ते भरलं असतं."

मी म्हणालो, "काका, तुमचं काय चुकलं त्यात."

"सगळंच चुकलं. चौतीस वर्षं लोकांचं पाणी बघितलं, लोक बघितले नाहीत."

पण हरण्याची त्यांना सवय होती आणि अर्जाची त्याहून जास्त. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. समोर कोरा कागद, बाजूला पेन. "पुन्हा नमुने घ्यायला लावता येतात. नियम आहे. फक्त एवढं सिद्ध व्हायला हवं, की बाटल्या सर्व्हेवाल्याच्या समोर भरल्या नव्हत्या. कल्पना भाभी लिहून देणार नाहीत. कुणीच देणार नाही. तू दे. तू समोर नव्हतास, एवढीच ओळ. मुक्ताला सातवा लागायला वीस दिवस आहेत. निदान टँकर तरी सुरू होतील."

माझं कॉन्ट्रॅक्ट त्या महिनाअखेरीस संपत होतं. पुढचे अकरा महिने शैलेंद्रजींच्या हातात होते. आणि चाळीस 'हाँ' माझ्या हातचे होते.

"बघतो, काका," मी म्हणालो.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हसल्यासारखं केलं. "चौतीस वर्षं 'देखते हैं' ऐकत आलो. मराठीत आज पहिल्यांदा ऐकतोय."

पेनाला त्यांनी टोपण लावलं. कागद कोरा होता, तरी घडी घालून फाईलमध्ये ठेवला. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

सातव्यात डोहाळजेवण झालं, देवासलाच. तिथून मुक्ताताईला घेऊन यायचं, असं काकूंनी ठरवलं होतं. गाडीही सांगितली होती. आदल्या संध्याकाळी काकांनी काकूंना न विचारता जावयाला फोन केला. जावई आल्हाद, भला माणूस. काका म्हणाले, "आल्हादराव, मुक्ताला इकडे पाठवू नका. बाळंतपण तिकडेच होऊ द्या. सगळा खर्च मी देईन." शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे विहीणबाई होत्या, अंबिकाबाई.

डोहाळजेवणाला पंचवीस बायकांसमोर अंबिकाबाई काकूंना म्हणाल्या, "आमची सून आम्हाला जड नाही हो. पण एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण पैसे पाठवून उरकायचं, ही नवीनच रीत ऐकली. उज्जैनकडची असेल."

काकू त्या दिवशी परतल्याच नाहीत. देवासला एका चुलतबहिणीकडे राहिल्या आणि तिथून रोज मुक्ताताईकडे जाऊ लागल्या. काकांनी घडी केलेली दुपटी, डिंक, खारीक, सगळं एका खोक्यात भरून मला दिलं. मी पोचवलं. काकूंनी खोकं घेतलं, "जेवतात ना वेळेवर?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

माघात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. उज्जैनच्या देवास गेट स्टँडवरून आम्ही दहाची बस धरली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मांडीवर पेढ्यांचा डबा धरला होता. डब्यावर कसलीच चिठ्ठी नव्हती. घर माणसांनी भरलेलं. पाळणा सजलेला, घुगऱ्यांच्या वाट्या फिरत होत्या. बाळाचं नाव ऋचा ठेवलं. काकांना जावयाच्या काकांशेजारी खुर्ची मिळाली, कडेची. काकू समोरून चार वेळा गेल्या-आल्या. पाचव्यांदा घुगऱ्यांची वाटी त्यांच्या हातात दिली, दुसऱ्या कुणाला देतात तशी.

मुक्ताताईनं बाळ आणून काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी दुपटं जरा बाजूला केलं, बाळाची मूठ उघडली आणि नखं बघायला लागले. एक एक करून दहाही. निळं पडायला लागलं की आधी तिथे दिसतं म्हणतात. नखं गुलाबी होती. काका परत पहिल्यापासून बघायला लागले.

"काय बघता एवढं?" अंबिकाबाई हसून म्हणाल्या. "अंगठी आणलीत की काय आजोबा, मापाची?"

सगळे हसले. अंगठी नव्हती. काका म्हणाले, "छान आहेत." कशाबद्दल, ते कुणाला समजलं नाही.

माणसं पांगल्यावर मुक्ताताई जवळ येऊन बसली. बरीच वाळली होती. "बाबा, सव्वा महिन्यानं तरी येऊ का? आईनं मला तो रिपोर्ट पाठवला होता. त्यात तर सगळं नीट होतं ना?" काका चष्मा पुसायला लागले, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "केदार, तू होतास ना त्या सर्व्हेत? खरं सांग. पाणी खरंच वाईट आहे, की बाबांचं आपलं काहीतरी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, रिकाम्या वाट्यांचं ताट घेऊन. त्याही थांबल्या होत्या.

"तसं रिपोर्टमध्ये... तांत्रिक बाबी असतात गं ताई त्यात," मी म्हणालो.

काकू आत निघून गेल्या. काका उठले. "चल," म्हणाले, "साडेपाचची बस आहे."

बसमध्ये तासभर ते खिडकीबाहेर बघत होते. देवास गेट आलं, माणसं उठायला लागली, तेव्हा शांतपणे म्हणाले, "तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तू काहीच बोलला नाहीस." आणि माझ्या आधी उतरून रिक्षा ठरवायला लागले.

"क्षिप्रांजली चलोगे?"

रिक्षावाल्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "वो कचरे वाली? बीस ज़्यादा लगेंगे बाबूजी. उधर का तो पानी भी कोई नहीं पीता, वापसी में सवारी कहाँ मिलेगी?"

"हाँ भिया, वही," काका म्हणाले आणि आत बसले. माझ्यासाठी सरकले नाहीत.